दोन कार्नालचे पापनिवेदन : एका स्पॅनिश काव्यातील उपवासकाळ

१

हुआन रुइस ह्या कास्तिलियन कवीचा 'लिब्रो दे बुएन आमोर', अर्थात 'सत्प्रेमाचा ग्रंथ', हा मध्ययुगीन स्पॅनिश वाङ्मयातील एक अत्यंत वादग्रस्त ग्रंथ होय. कवी हीता ह्या गावी आर्सिप्रेस्ते, म्हणजे त्या परिसरातील धर्मगुरूंचा प्रमुख होता. हस्तलिखितांत १३३० व १३४३ अशी दोन वर्षे नोंदलेली आहेत. १७९० साली तोमास आन्तोनिओ सांचेस ह्याने तो प्रथम छापून प्रसिद्ध केला. सुमारे १७०० कडव्यांच्या ह्या ग्रंथात आत्मचरित्राच्या मिषाने प्रेमकथा, दृष्टांत, स्तोत्रे, विडंबने आणि धर्मोपदेश ह्यांची सरमिसळ झालेली आहे. १०६७ व्या कडव्यापासून एका युद्धाचे वर्णन सुरू होते. युद्धाचे नायक दोघे : मांसाहाराचा अधिपती दोन कार्नाल आणि उपवासकाळाची स्वामिनी दोन्या क्वारेस्मा.

हे युद्धप्रकरण ग्रंथातील सर्वांत लोकप्रिय प्रकरणांपैकी एक आहे. खाद्यपदार्थांच्या फौजा, त्यांचे विनोदी पराक्रम, पराभूत राजाची कैद आणि त्याचे पलायन ह्यांचा आस्वाद कोणताही वाचक सहज घेऊ शकतो. मात्र ह्या गमतीदार कथेच्या ऐन मध्यावर सुमारे तीस कडव्यांचे एक रुक्ष विवेचन येते. पापनिवेदन कसे करावे, कोणापुढे करावे, कोणत्या धर्मगुरूस कोणत्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार आहे, असा त्यातील विषय आहे. सामान्य वाचक ही कडवी ओलांडून पुढे जातो. टीकाकारांपैकीही अनेकांना ती विषयांतरासारखी वाटली आहेत. वस्तुतः संपूर्ण प्रकरणाचा अर्थ ह्याच तथाकथित विषयांतरावर अवलंबून आहे. ते वगळल्यास उपवासाची थट्टा तेवढी उरते. ते जागेवर ठेवून वाचल्यास थट्टेपेक्षा गंभीर असा एक प्रश्न पुढे येतो : आचाराचा नियम माणसाच्या ताटापर्यंत पोहोचतो, तो अंतःकरणापर्यंत पोहोचतो काय?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी उपवासकाळाचे तत्कालीन स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळता, हा चाळीस दिवसांचा काळ असतो. क्वारेस्मा हा शब्द 'चाळिसावा' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून गोव्याच्या कोंकणीतील 'कोरेज्म' हे त्याच्याच पोर्तुगीज रूपाचे रूपांतर होय. मध्ययुगात ह्या काळात दोन भिन्न बंधने पाळली जात. पहिले उपवासाचे : दिवसातून एकदाच जेवावयाचे. दुसरे वर्जनाचे : मांस आणि सर्वसामान्यपणे अंडी व दुग्धजन्य पदार्थही टाळावयाचे. मासळी मात्र वर्ज्य नव्हती. मांसामुळे जिव्हेस अधिक सुख मिळते व कामवासनेस अधिक पोषण होते, असे कारण तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ह्याने दिले आहे. ह्या दोहोंच्या जोडीला १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीवर वर्षातून एकदा पापनिवेदन करण्याचे आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घेण्याचे बंधन घातले. त्यामुळे उपवास, पापनिवेदन आणि ईस्टरचा उत्सव ही एकाच साखळीची तीन कडी बनली. हुआन रुइसच्या कथेची रचना ह्याच साखळीला अनुसरून झालेली आहे.

२

कथेचा आरंभ उपवासकाळापूर्वीच्या गुरुवारी होतो. निवेदक आर्सिप्रेस्ते भोजनास बसला असता त्याच्या हाती दोन पत्रे येतात. सात दिवसांनी युद्ध होईल, असे दोन्या क्वारेस्माचे आव्हान त्यांत आहे. पत्र लिहिल्याचे स्थळ कास्त्रो उर्दियालेस, म्हणजे कान्ताब्रियाच्या किनाऱ्यावरील मासेमारीचे बंदर; आणि ते पोहोचल्याचे स्थळ बुर्गोस, म्हणजे अंतर्भागातील नगर. समुद्राने भूमीला दिलेले हे आव्हान आहे, हे कवीने दोन स्थलनामांतच सुचविले आहे.

दोन कार्नालची फौज मोठ्या थाटाने येते. कोंबड्या, तित्तिर, ससे व बदके आघाडीवर आहेत. मांस भाजण्याच्या सळया हे त्यांचे भाले, मुदपाकखान्यातील भांडी ही त्यांची शिरस्त्राणे. ह्या गर्दीत एक म्हातारा बैल संथ पावलांनी येतो आणि लढण्याची शक्ती आता आपल्या अंगी नाही, पण मांस व कातडे देऊन सेवा करीन, असे सांगतो. वीरकाव्यातील स्वामिनिष्ठेचे हे विडंबन आहे खरे, परंतु त्याला एक करुण छटाही आहे. कार्नालचे राज्य ज्यांच्या बळावर उभे आहे, ते सर्व त्याचे भक्ष्यच आहेत, ही गोष्ट कवी विसरलेला नाही.

युद्धाच्या आदल्या सायंकाळी दोन कार्नाल मेजवानी झोडतो. मद्य सर्वांवर अंमल गाजविते आणि सारी छावणी गाढ झोपी जाते. फक्त कोंबडे भयाने जागे राहतात. मध्यरात्री दोन्या क्वारेस्मा चाल करून येते. पहिला घाव घालते ती पांढऱ्या मानेची लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची एक भाजी. मग खारवलेली तारली पुष्ट कोंबडीवर तुटून पडते. व्हॅलेन्सियाच्या वामी, आल्बेर्चे नदीतील ट्राउट मासे, सान्तान्देरचे शेवंड, बेर्मेओचे हेरिंग, सेव्हिया व आल्कान्तारा येथील लँप्रे असे सैनिक आपापल्या गावांच्या नावांनिशी रणात उतरतात. अखेर देवमासा दोन कार्नालला कवटाळून वाळूवर लोळवतो. खारवलेले डुक्कर आणि वाळवलेले मांस ह्यांना उंच टांगून फाशी दिले जाते, आणि दोन कार्नालला उपवास नावाच्या पहारेकऱ्याच्या स्वाधीन केले जाते. त्याला दिवसातून एकदाच अन्न द्यावे, अशी आज्ञा होते.

ह्या वर्णनातील दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली अशी की, दोन्या क्वारेस्माचा विजय तिच्या सामर्थ्यापेक्षा शत्रूच्या अजीर्णाने अधिक झालेला आहे. तिने जागृत शत्रूला जिंकले नाही. खाऊनपिऊन निजलेल्याला गाठले. शरीराला आलेला वीट आणि मनाने केलेला त्याग ह्यांतील अंतर कवीने येथेच सूचित केले आहे. दुसरी गोष्ट अशी की, तिची फौज ही दारिद्र्याची फौज नव्हे. नद्यांतील व किनाऱ्यांवरील उत्तमोत्तम जिन्नसांची ती यादी आहे. मांस सोडून शेवंड खाणारा मनुष्य वर्जनाचा नियम अक्षरशः पाळतो. परंतु 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ठाऊक असलेल्या वाचकास त्यातील विसंगती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र रुइस ह्या विसंगतीचा उच्चार कोठेही करीत नाही. तो केवळ पदार्थांची नावे घेतो आणि निष्कर्ष वाचकावर सोपवितो.

अशाच विषयावरील तेराव्या शतकातील एक फ्रेंच काव्य, 'बाताय द कारेम ए द शार्नाज', उपलब्ध आहे. फेलिक्स लेकोय ह्याने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या रुइसच्या साधनांवरील ग्रंथामुळे ते तुलनेसाठी अभ्यासकांच्या समोर राहिले. फ्रेंच काव्यात मांसाहाराचा पक्ष जिंकतो. नाताळ त्याच्या साहाय्यास येतो आणि उपवासकाळाला वर्षातील ठरावीक दिवसांपुरती मुभा मिळते. तेथे वाद दोन सरदारांतील सरहद्दीचा आहे व तो तहाने मिटतो. रुइसने दोन कार्नालला प्रथम पराभूत केले, आणि त्यायोगे फ्रेंच काव्यात ज्याला जागाच नव्हती असा प्रसंग निर्माण केला. हा प्रसंग म्हणजे पराभूताचे पापनिवेदन.

३

बंदिवान दोन कार्नालकडे एक भिक्षू येतो व त्याला उपदेश करू लागतो. कार्नालचे मन द्रवते व तो मोठ्या पश्चात्तापाने प्रायश्चित्त मागतो, असे कवी स्पष्ट सांगतो. परंतु लगेच तो आपली पापे एका कागदावर लिहून, मोहोर लावून, भिक्षूच्या हाती देतो. भिक्षू ते स्वीकारीत नाही. पापनिवेदन लेखी होत नाही, ते स्वमुखानेच झाले पाहिजे, असे तो बजावतो. नेमक्या ह्याच ठिकाणी कवी कथा थांबवून विवेचनास आरंभ करतो.

स्वतःस अल्पज्ञ म्हणवून घेत कवी जो विचार मांडतो त्याचे सार असे : ईश्वराच्या दृष्टीने मनातील खरा अनुताप पुरेसा आहे, कारण त्याला अंतःकरण दिसते. परंतु ख्रिस्तसभेला अंतःकरण दिसत नाही. तिला खुणा पाहाव्या लागतात : अश्रू, उसासे, छाती बडवणे, मान खाली घालणे. प्रेषित पेत्राचे अश्रू आणि भिंतीकडे तोंड करून रडणारा हिज्कीया राजा ह्यांचे दाखले येथे येतात. त्यानंतर अधिकाराचा प्रश्न येतो. साध्या धर्मगुरूने महाधर्मगुरूंसाठी किंवा पोपसाठी राखून ठेवलेल्या पापांची क्षमा देऊ नये. अधिक जाणून घ्यावयाचे असल्यास होस्तिएन्सिस, चौथा इनोसंट इत्यादी धर्मकायद्याच्या पंडितांचे ग्रंथ पाहावेत. मरणसंकटात मात्र हे निर्बंध शिथिल होतात.

खाद्यपदार्थांच्या युद्धात धर्मकायद्याची ही ग्रंथसूची विजोड वाटते, ह्यात शंका नाही. परंतु विवेचनाच्या मुळाशी असलेला प्रश्न पाहिला म्हणजे विजोडपणा नाहीसा होतो. बाह्य खुणेवरून आंतरिक स्थितीचा निर्णय कसा करावयाचा, हा तो प्रश्न आहे. आणि उपवास ही अशीच एक बाह्य खूण आहे. किंबहुना, मोहोरबंद कागद हे उपवासाच्या यांत्रिक आचरणाचेच प्रतीक होय. दोहोंतही कर्तव्य पुरे झाल्याचा पुरावा असतो आणि दोहोंतही कर्ता स्वतः अनुपस्थित राहू शकतो.

भिक्षू शेवटी मोठ्या निकडीचा प्रसंग म्हणून कार्नालला क्षमा देतो. म्हणजे नियमाने नव्हे, तर नियमाच्या अपवादाने तो मुक्त होतो. मग त्याला आठवड्याचे प्रायश्चित्त सांगितले जाते, आणि कथा पुन्हा स्वयंपाकघरात येते. रविवारी लोभासाठी तेलात शिजवलेले हरभरे. सोमवारी गर्वासाठी वाटाणे. मंगळवारी कृपणतेसाठी शतावरीचे कोंब. बुधवारी कामवासनेसाठी थोडासा पालक. गुरुवारी क्रोधासाठी मिठाबरोबर मसूर. शुक्रवारी खादाडपणासाठी केवळ भाकर व पाणी. शनिवारी मत्सरासाठी कडधान्य, मासळी नाही. सात दिवसांना सात पापे आणि सात पापांना सात ताटे, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब बारकाईने तपासण्याजोगा आहे. सप्त महापापांच्या प्रचलित गणनेत आळस असतो. येथे तो नाही. लोभ आणि कृपणता ह्यांना दोन स्वतंत्र दिवस दिल्यामुळे आळसाचा दिवस शिल्लक राहिलेला नाही. हा निव्वळ योगायोग असू शकेल. परंतु पुढील कथेत दोन कार्नाल जे करतो ते लक्षात घेता ही उणीव अर्थपूर्ण ठरते. तो आजारी, दुर्बळ, अंथरुणास खिळलेला असा पडून राहतो आणि वेळ जाऊ देतो. ज्या एका पापाला औषध सांगितले नाही त्याच्याच आश्रयाने तो उपवासकाळ काढतो.

ह्या यादीत आणखी एक कलम आहे व ते इतरांपेक्षा निराळे आहे. मंगळवारी कार्नालने भाकरीचा काही भाग खावा आणि उरलेला ईश्वराप्रीत्यर्थ बाजूला काढावा, अशी आज्ञा आहे. बाकी सर्व प्रायश्चित्तांचे फळ कार्नालच्या मनःस्थितीवर अवलंबून आहे. बाजूला काढलेल्या भाकरीचे तसे नाही. देणाऱ्याच्या मनात अनुताप असो वा नसो, भुकेल्याचे पोट तिने भरते. कवीने ह्या कलमावर भर दिलेला नाही, पण उपवासाच्या बाह्यतेविषयीच्या शंकेला संपूर्ण प्रकरणात एवढेच एक उत्तर मिळते.

४

भिक्षू निघून गेल्यावर दोन्या क्वारेस्मा राखेच्या बुधवारी घरोघर फिरते व टोपल्या, तवे, हंडे, पिंपे घासून स्वच्छ करविते. ती बाह्य शुद्धी चोख पार पाडते. इकडे कार्नाल हळूहळू बरा होतो. झावळ्यांच्या रविवारी तो आपल्या पहारेकऱ्याला म्हणतो, आपण दोघे मिळून मिस्साला जाऊ. पहारेकरी उपवास ही विनंती मान्य करतो, आणि कार्नाल चर्चमधून थेट यहुदी वस्तीत पळून जातो. तेथे वल्हांडणाचा सण असल्याने त्याचे स्वागत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे एका रब्बीचे तट्टू मागून घेऊन तो एस्त्रेमादुराच्या कुरणांकडे निघतो. त्याला पाहून शेळ्यामेंढ्या आक्रोश करू लागतात.

पलायनाचा हा प्रसंग पापनिवेदनाच्या विवेचनाशी जोडून वाचला पाहिजे. ख्रिस्तसभेला दिसू शकणाऱ्या सर्व खुणा कार्नालने दाखविल्या : त्याने पश्चात्ताप व्यक्त केला, प्रायश्चित्त स्वीकारले, मिस्सेची इच्छा प्रकट केली. एकाही खुणेत उणीव नव्हती, आणि शेवटची खूण हेच पलायनाचे साधन ठरले. कवी भिक्षूला मूर्ख ठरवीत नाही, नियमालाही खोटा म्हणत नाही. नियमाची दृष्टी जेथे संपते ती सीमा तेवढी तो दाखवितो. विवेचन वगळले तर येथे एका धूर्ताची युक्ती उरते. विवेचनासह वाचले तर तीच युक्ती एका सिद्धान्ताचे उदाहरण होते.

त्यानंतर कार्नाल ख्रिस्ती, मूर आणि यहुदी ह्या सर्वांना उद्देशून पत्र लिहितो व रविवारी सूर्योदयापूर्वी युद्धाचे आव्हान देतो. दोन्या क्वारेस्मा ते स्वीकारीत नाही. आपण अबला आहोत आणि जेरुसलेमच्या यात्रेचा नवस फेडावयाचा आहे, असे कारण पुढे करून ती यात्रेकरूचा वेष घेते. शिंपले लावलेली टोपी, काठी व भोपळा घेऊन शनिवारी रात्री ती तटावरून उडी टाकते आणि रोन्सेस्वायेसच्या वाटेला लागते. ईस्टरच्या दिवशी दोन कार्नाल आणि प्रेमदेव दोन आमोर हे दोन सम्राटांसारखे नगरात येतात. धर्मगुरू, भिक्षू व जोगिणी वाद्यांच्या गजरात दोन आमोरच्या स्वागतास जातात.

५

ह्या शेवटामुळे टीकाकारांत तीव्र मतभेद झालेले आहेत. अमेरिको कास्त्रो ह्याने १९४८ साली रुइसच्या काव्यातील भोग व संयम ह्यांची आलटापालट ख्रिस्ती, मुस्लिम व यहुदी ह्यांच्या सहजीवनातून स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला. मारिया रोसा लिदा दे माल्किएल हिने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ग्रंथाचा हेतू बोधपर असल्याचे प्रतिपादिले. मिखाईल बाख्तीनचा राब्लेवरील ग्रंथ १९६५ साली प्रकाशित झाल्यानंतर ह्या युद्धात लोकहास्याचा अधिकृत गांभीर्यावरील विजय पाहण्याचा मोह अभ्यासकांना होणे स्वाभाविक होते.

हा शेवटचा अर्थ आकर्षक असला तरी काव्याच्या रचनेशी जुळत नाही. कार्नालचे पुनरागमन हा बंडाचा विजय नव्हे. तो ईस्टरला येतो, आणि ईस्टर हा ख्रिस्तसभेचाच सर्वश्रेष्ठ सण आहे. दोन्या क्वारेस्मा शनिवारी जाते, कारण तिची मुदत शनिवारी संपते. दोघांचे येणेजाणे एकाच पंचांगाने ठरलेले आहे. उपवासकाळापूर्वीच्या मौजेच्या दिवसांना गोव्यात 'इंत्रूज' म्हणतात. तो शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ 'प्रवेश' असा आहे. मौजेचे नावच जेथे उपवासाच्या प्रवेशावरून पडले, तेथे त्या दोहोंना परस्परांचे कट्टर वैरी मानता येत नाही.

तथापि निव्वळ बोधपर अर्थही अपुरा पडतो. कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' ह्या संस्कृत रूपकनाट्यात विवेक महामोहाचा पराभव करतो आणि तो पराभव अंतिम असतो. रुइसच्या रूपकात कोणताच पराभव अंतिम नाही. दर वर्षी तेच आव्हान, तीच मध्यरात्र, तोच भिक्षू आणि तेच पलायन. घासलेल्या हंड्यांत ईस्टरला पुन्हा मांस शिजते. बोधवादी टीकेने ह्या पुनरावृत्तीचा अर्थ सांगितला पाहिजे. तो अर्थ पापनिवेदनाच्या प्रकरणात आहे. मनुष्याचे परिवर्तन पंचांगाने घडत नाही. पंचांग त्याची संधी तेवढी उपलब्ध करून देते. दोन कार्नालला संधी मिळाली होती. ती त्याने मोहोरबंद कागदाप्रमाणे बाहेरच्या बाहेर परत केली.

ह्या दृष्टीने पाहता काव्यातील प्रश्न केवळ चौदाव्या शतकापुरता राहत नाही. सहाव्या पॉल ह्या पोपने १७ फेब्रुवारी १९६६ रोजी काढलेल्या 'पेनितेमिनी' ह्या आदेशाने उपवासाचे सक्तीचे दिवस राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार ह्या दोहोंपुरते मर्यादित केले, मांसवर्जन शुक्रवारी ठेवले, आणि स्थानिक धर्माध्यक्षपरिषदांना वर्जन व उपवास ह्यांच्या जागी प्रार्थना व दानधर्माची कृत्ये योजण्याची मोकळीक दिली. १९८३ च्या धर्मसंहितेत हीच दिशा कायम आहे. नियमाची व्याप्ती कमी करून अंतःकरणाच्या परिवर्तनावर भर देण्याचा हा प्रयत्न होता. त्याने रुइसचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही, कारण दानधर्म हीदेखील एक बाह्य खूणच आहे. परंतु खुणांचाही तरतम भाव असतो. हरभरे व पालक खाऊन दोन कार्नालचे कोणते पाप फिटले, हे काव्य सांगत नाही. मंगळवारी बाजूला काढलेल्या भाकरीचे मोल त्याच्या पलायनानंतरही शिल्लक राहते.

एवंच, दोन कार्नालच्या पापनिवेदनाचे प्रकरण हे कथेतील अडथळा नसून तिचा आधार आहे. त्याच्या अभावी युद्ध हे प्रहसन आणि ईस्टर हा केवळ भोगाचा विजय ठरतो. त्याच्यामुळे उपवासाच्या आचाराकडे उपहास आणि अंधश्रद्धा ह्या दोहोंहून भिन्न अशा दृष्टीने पाहणे कवीला शक्य झाले. आचार आवश्यक आहे, कारण माणसाला माणसाचे मन दिसत नाही. आणि आचार अपुरा आहे, त्याचेही कारण तेच. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानणारा धर्मगुरू हीता येथे होऊन गेला, आणि ती त्याने तारली व कोंबडी ह्यांच्या लढाईतून मांडली. म्हणूनच ह्या ग्रंथाच्या अभ्यासकाने हसून झाल्यावर ती तीस रुक्ष कडवी पुन्हा एकदा वाचली पाहिजेत.